मुदतवाढ

२१ जानेवारीच्या रात्री साडेअकराला मोबाइल वाजला. घरात सगळे झोपले होते. पुण्याहून भाईचा मेसेज होता. एका बातमीची लिंक आणि खाली एकच ओळ : "ले, अपना गेम कॅन्सल हो गया."

'अपना गेम' म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या जुन्या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती. यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने त्या दिवशी एकदम सहा गेम बंद केले, त्यातला हा एक. आम्ही दोघं भाऊ सव्वापाच वर्षं त्याची वाट पाहत होतो. मी ३८ वर्षांचा, भाई ४३ चा. दोघंही बालबच्चेवाले. तुम्हाला हसू आलं तर हसा, माझी बायकोही हसते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. गेम गेल्याचं दुःख थोडंच होतं. खरी गोष्ट वेगळी आहे, ती सांगायची तर २००७ सालापासून सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षी भाईने पहिल्या कमाईतून नांदेडहून जुना प्लेस्टेशन २ आणला. आमचं उमरखेड यवतमाळ जिल्ह्यात, पण पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. जिल्ह्याच्या कचेरीचं काम निघालं तरच यवतमाळ. लग्नाची खरेदी, मोठा दवाखाना, चांगलं कॉलेज या सगळ्यासाठी नांदेड. प्लेस्टेशनही तिथूनच आला, एसटीच्या बसमध्ये भाईच्या मांडीवर. सोनीने हे यंत्र २००० साली जपानमध्ये काढलं आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत जगभर ते पंधरा कोटींहून जास्त विकलं गेलं. जगात प्लेस्टेशन ३ येऊन गेला होता तेव्हा आमच्याकडे २ आला. पण मोहल्ल्यात कुणाकडे १ सुद्धा नव्हता, त्यामुळे आम्ही नवाब होतो.

सीडी चोरीच्या असायच्या. पन्नास-साठ रुपयांत एक. पावसाळ्यात रस्त्यावर छत्री विकणारा तिथेच गेमही विकायचा. क्रिकेट ०७ होता, जीटीए सॅन अँड्रियास होता. आणि एक दिवस गठ्ठ्यातून सँड्स ऑफ टाइम निघाला. २००३ चा गेम, आमच्यापर्यंत चार वर्षांनी पोचलेला.

गोष्ट अशी. इराणचा एक राजपुत्र बापाच्या फौजेबरोबर हिंदुस्थानातल्या एका महाराजाचा किल्ला लुटतो. लुटीत त्याच्या हाती एक खंजीर लागतो. खंजिरात जादूची वाळू आहे. कळ दाबली की वेळ काही सेकंद मागे जाते. उंचावरून पडलात, तलवारीचा वार बसला, काही हरकत नाही. कळ दाबा, परत उडी मारा. वाळू मोजकी असते, तेवढी जपून वापरायची. मग वजीर त्याला फसवतो, त्याच्या हातून सगळी वाळू मोकळी सुटते आणि महालातली माणसं भुतं होतात. वाचतात तिघंच : राजपुत्र, वजीर आणि त्या महाराजाची मुलगी फरहा. महालाचं नाव आझाद.

फरहा आणि आझाद! आमच्या गल्लीतच दोन फरहा होत्या आणि एक आझाद हेअर ड्रेसर. तोवर आम्ही खेळलेल्या बंदुकीच्या गेममध्ये आमच्यासारख्या नावांची माणसं फक्त गोळी खायला यायची. वाळवंट, घुमट, अजानचा आवाज आला की समजायचं, आता शत्रू येणार. इथे पहिल्यांदा घुमट आणि जाळीच्या खिडक्या असलेल्या घरात आम्ही पाहुणे नव्हतो. राजपुत्र चुका करणारा होता, गर्विष्ठ होता, पण गोष्ट त्याची होती. आम्हाला तेव्हा हे असं शब्दांत सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की हा गेम संपू नये.

तो संपतही नव्हता, कारण लोडशेडिंग. त्या वर्षांत आमच्याकडे दिवसातून आठ-आठ, दहा-दहा तास लाइट जायची. गेम ठरावीक जागीच जतन करता यायचा. तिथवर पोचायच्या आत लाइट गेली की अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. राजपुत्राकडे खंजीर होता, आमच्याकडे नव्हता. मग भाईने वेळापत्रक पाठ केलं आणि लाइट जायच्या दहा मिनिटं आधी "सेव्ह कर, सेव्ह कर" असा ओरडा सुरू व्हायचा. अब्बा दुकानातून आले की विचारायचे, "क्या बचा रहे हो इतना?"

रिमोट दोन होते, पण गेम एकट्याचा. म्हणून पाळी लावली होती. मेलास की रिमोट दुसऱ्याकडे. एका जागी मात्र दोघंही आठवडाभर अडकलो. महालाच्या पहाऱ्याची यंत्रणा सुरू करायची होती. चार कळा, त्या योग्य क्रमाने फिरवायच्या. आम्ही रोज वेड्यासारखे फिरवत बसायचो. स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसलेली आपा एके दिवशी म्हणाली, "वो बुढ्ढा ऊपर से चित्र दिखा रहा ना, उसको देख के घुमाओ." तिने सांगितलं तसं फिरवलं आणि दरवाजा उघडला.

आम्ही आनंदाने नाचलो. पण आपाच्या हातात रिमोट द्यावा, असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. ती परत लसूण सोलायला लागली. २००८ साली तिचं लग्न होऊन ती पुसदला गेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अम्मी आधीच गेली होती. अब्बा २०१८ मध्ये गेले. बस स्टँडजवळचं त्यांचं शिलाईचं दुकान मी घेतलं. आता तिथे झेरॉक्स काढतो, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो. भाई तोवर पुण्यात एसी दुरुस्तीच्या कामात रुळला होता. चाळिसावं झाल्यावर हिश्श्याचा विषय निघाला. दुकानाच्या जागेची किंमत दहा लाख धरली. शरियतप्रमाणे हिशोब सोपा आहे. दोन भाऊ, एक बहीण : दोन, दोन, एक, असे पाच हिस्से. आपाचे दोन लाख.

मी गल्लीतल्या सगळ्यांप्रमाणे हक्कसोड पत्राचा मसुदा तयार ठेवला होता. सूरह निसामध्ये बहिणीचा हिस्सा स्पष्ट लिहिला आहे, हे जुम्याच्या बयानात आपण सगळे ऐकतो आणि घरी येऊन हक्कसोड लिहितो. आपा नाही म्हणाली नाही. म्हणाली, "भाई से पूछ लो." भाईने कागद वाचला आणि उभा फाडला. "लग्नात दिलंय ना तिला," मी म्हणालो. "ते अब्बांनी दिलं. तू काय दिलंस?" असं तो म्हणाला. आवाज चढले. शेवटी मी कबूल झालो की आपाचे दोन लाख मी देईन. कधी? दुकान रांगेला लागलं की.

भाई पुण्याला गेला. फोन कमी झाले, मग बंद झाले. २०१९ ची ईद आली आणि गेली, तो आला नाही.

१० सप्टेंबर २०२० च्या रात्री, लॉकडाऊनच्या दिवसांत, वर्षभरानंतर त्याचा पहिला मेसेज आला. सँड्स ऑफ टाइमच्या नव्या आवृत्तीची झलक. "देख, अपने पुने में बन रा." खरंच होतं. यूबीसॉफ्टने हे काम आपल्या पुण्याच्या आणि मुंबईच्या स्टुडिओकडे दिलं होतं. जगभरात नावाजलेला एवढा मोठा गेम पुरा नव्याने उभारायचं काम महाराष्ट्रातली पोरं करणार होती. तारीखही जाहीर झाली होती : २१ जानेवारी २०२१.

मी लगेच उत्तर दिलं. मग रात्री एकपर्यंत बोलणं चाललं, सगळं गेमबद्दलच. फरहा तीच असेल का, वाळू किती मिळेल, चार कळांचं कोडं ठेवलं असेल का. शेवटी तो म्हणाला, "गेम आया तो मैं उमरखेड आता. साथ में खेलेंगे." मी दुसऱ्याच महिन्यात नांदेडहून जुना प्लेस्टेशन ४ घेतला. मनात ठरवलं होतं की यावेळी चोरीची नाही, हक्काचे पैसे मोजून सीडी घ्यायची.

ती झलक पाहून जगाने मात्र नाकं मुरडली. चेहरे निर्जीव आहेत, हा तर प्लेस्टेशन २ चाच गेम वाटतो, वगैरे. त्यातल्या काहींच्या बोलण्यात हिंदुस्थानी कामगारांबद्दलची तुच्छता साफ दिसत होती. चेहरे खास नव्हते हे मलाही दिसत होतं. तरी राग आला. आपल्या पोराला शाळेत सगळ्यांसमोर कमी मार्कांवरून बोलल्यावर येतो तसा.

मग सुरू झाल्या तारखा. डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं, जानेवारी नाही, १८ मार्च २०२१. फेब्रुवारीत सांगितलं, मार्चही नाही, नंतर कळवू. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओला दिलं. म्हणजे 'अपने पुने में' हेही गेलं. जून २०२४ मध्ये एक जळती मेणबत्ती दाखवली आणि सांगितलं, २०२६. प्रत्येक वेळी भाईचा मेसेज यायचा, आम्ही तासभर बोलायचो, कंपनीला शिव्या द्यायचो. घरचा विषय दोघंही काढायचो नाही. गेम पुढे गेला की त्याचं येणंही पुढे जायचं. खरं सांगू? मला त्यात थोडा सुटल्यासारखा भाव असायचा. तो आला असता तर पहिला प्रश्न आपाचा विचारला असता.

वाट पाहणं आम्हा उमरखेडकरांना नवीन नाही. वर्धा-यवतमाळ-पुसद-नांदेड या रेल्वेमार्गाच्या गोष्टी ऐकत एक पिढी मोठी झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब एवढा तुकडा सुरू झाला, तर आमच्या बस स्टँडवर पेढे वाटावेत तसा आनंद. रेल्वे अजून आमच्यापासून कोसो दूर आहे. पण रूळ सरकतोय एवढ्यावर माणूस धीर धरतो.

आणि मुसलमानाला तर वाट पाहायची सवय लहानपणापासून असते. २९ व्या रोजाला मगरिबनंतर सगळा मोहल्ला गच्चीवर. दिसला? नाही दिसला? शीरखुर्म्याचं दूध आणायचं की नाही? पण त्या वाटेला एक हद्द असते. चाँद नाही दिसला तर फार तर एक रोजा जास्त, ३० पुरे झाले की ईद होणारच. म्हणून ती वाट गोड लागते. जिला हद्दच नाही ती वाट माणसाला आतून पोखरते.

दरम्यान मी एक गेम हक्काच्या पैशाने घेतला. नाव 'राजी'. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओचा. त्यांनी २०१७ मध्ये लोकांकडून वर्गणी मागितली होती, ती पुरी जमली नाही. तरी काम सोडलं नाही आणि ऑक्टोबर २०२० मध्ये गेम प्लेस्टेशन ४ वर आणला. दुर्गा आणि विष्णूच्या आशीर्वादाने लढणारी एक मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत फिरते. गेम लहान आहे, लढाई कुठे कुठे अडखळते. पण तो आला. मोठ्या कंपनीच्या शेकडो माणसांच्या गेमआधी, पुण्याच्याच मूठभर लोकांचा. मी खेळताना मुलगी शेजारी बसून विचारत होती, "अब्बू, इसका भाई इसको ढूँढने क्यूँ नहीं आता?" मी म्हणालो, तो लहान आहे.

आता त्या रात्रीकडे येतो. मेसेज वाचून मी भाईला फोन लावला. सहा वर्षांत आम्ही टाइपच करत होतो, फोन केला नव्हता. माझ्या आधी तारीख त्याच्या लक्षात आली होती. "आज कौन सी तारीख है?" २१ जानेवारी. गेम पहिल्यांदा याच दिवशी यायचा होता, २०२१ ला. बरोबर पाच वर्षांनी त्याच दिवशी तो मेला.

मी चिडलो होतो. हवा तो दर्जा गाठता आला नाही, असा कंपनीचा खुलासा होता. मी म्हणालो, हे काय झालं? पाच वर्षं लोकांना लटकवायचं, दर वेळी नवी तारीख द्यायची आणि शेवटी हात झटकायचे? नाही जमत तर पहिल्याच दिवशी सांगा. तारीख देणाऱ्याचं काय जातं? जातं ते वाट पाहणाऱ्याचं.

भाई ऐकत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "आपा को कौन सी तारीख दी थी तूने?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण एक तारीख दिलीच नव्हती. दुकान रांगेला लागलं की. मग लॉकडाऊन उठलं की. मग सोयाबीनचे पैसे बाजारात आले की, कारण तेव्हा लोकांकडून उधारी वसूल होते. मग झेरॉक्स मशीनचा हप्ता फिटला की. आपाने आठ वर्षांत दोनदाच विचारलं. दुसऱ्या वेळी तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं. तेव्हा मी म्हणालो होतो, "ईद होऊ दे." ती म्हणाली, "ठीक है, हो जाने दे." मी कोणती ईद ते बोललो नाही, तिने विचारलं नाही.

माझं कामच लोकांचे फॉर्म भरायचं. शिष्यवृत्तीची मुदत वाढली, पीकविम्याची मुदत वाढली, अशा पाट्या मी दुकानाबाहेर लावतो. मुदतवाढ हा शब्द मी रोज दहा वेळा लिहितो. दुसऱ्याच्या हक्कावर आपण स्वतःला मुदतवाढ देत राहतो तेव्हा त्याला वेगळा शब्द आहे, हे मला त्या रात्री फोनवर कळलं. शब्द भाईने उच्चारला नाही. त्याची गरज नव्हती.

राजपुत्राच्या गोष्टीचा शेवट असा आहे की तो सगळी वेळच मागे नेतो, हल्ल्याच्या आधीच्या रात्रीपर्यंत, आणि फरहाकडे जाऊन सावध करतो. तो गेम आम्ही पुरा केला त्या रात्री भाई म्हणाला होता, असा खंजीर पाहिजे यार. आज वाटतं, माझ्या कामाला खंजिराची गरज कधी नव्हतीच. दोन लाख रुपये आणि एक तारीख, एवढंच हवं होतं.

२६ जानेवारीला मी पुसदला गेलो. माझी भिशी डिसेंबरमध्येच उघडली होती, ते साठ हजार नेले. उरलेल्या एक लाख चाळीस हजारांचे सात हप्ते, दर महिन्याच्या पाच तारखेला वीस हजार, असं कागदावर लिहून सही केली आणि भाच्याची साक्ष घेतली. आपाने पैसे मोजले नाहीत, कागद मात्र दोनदा वाचला. मला वाटलं होतं ती रडेल किंवा म्हणेल, अरे कशाला. ती म्हणाली, "चाय लेगा?" चहा झाल्यावर मी निघालो, तेव्हा दारात म्हणाली, "पाँच तारीख याद रखना." ५ फेब्रुवारीचा हप्ता गेला आहे. अजून सहा बाकी आहेत.

भाचा सोळा वर्षांचा आहे. त्याला जीटीए ६ चं वेड लागलंय. तो गेम २०२५ मध्ये यायचा होता, मग २६ मे २०२६, आता १९ नोव्हेंबर २०२६. तो मोठ्यांसाठीचा गेम आहे आणि तुझं वय बसत नाही, हे मी मामू म्हणून त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामू, दो बार आगे गया तो तब तक मैं अठारा का हो जाऊँगा." आजच्या पोरांना कंपन्या बरोबर कळतात.

रमजान दोन-चार दिवसांवर आलाय. भाईला फोन केला, म्हटलं, गेम तर येणार नाही, तू ये. जुना प्लेस्टेशन २ माळ्यावरून काढून साफ केलाय. लाइट लागते, सीडी फिरते, आठ एमबीचं मेमरी कार्डही चालतंय. त्यात २००७ चा आमचा गेम अजून जतन आहे. भाई म्हणाला, "ईद को आता हूँ. आपा को भी बुला."

आपाला सांगितलंय. रिमोट यावेळी आधी तिच्या हातात द्यायचा आहे. ती म्हणेल मला कुठे येतं, पण कोडं तिनेच सोडवलं होतं.

चाँद २९ ला दिसो की ३० ला.